बोंड माझ्या हातात होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या मैत्रिणीला मी माझ्या पोटातलं सगळं सांगते असं तिला वाटतं तिलाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला सांगून उपयोग नाही — त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग आता तुम्हाला का सांगते? खरं सांगू? वैताग आलाय म्हणून. पश्चात्ताप वगैरे मोठा शब्द आहे, तो नंतर बघू. आधी वैताग.

गेल्या आठवड्यात पुण्यात पुन्हा एकदा मला व्यासपीठावर बसवलं. सॉफ्टवेअरवाल्यांचं शिबिर. विषय तोच, माझा ठरलेला — ‘रेट्रो रंजक कशी करावी’. आणि शेवटी कुणीतरी हात वर केला, तोही ठरलेला. मॅडम, ती कापसाच्या बोंडाची गोष्ट सांगा ना. मी सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती गोष्ट मी नेहमी एका ठिकाणी थांबवते. कुठे थांबवायची हे मला इतकं पाठ झालंय की आता थांबताना जीभ अडखळतसुद्धा नाही. त्या दिवशी खाली उतरल्यावर एक मुलगी म्हणाली, तुमच्या टीममध्ये प्रत्येकाला किती मोकळं वाटत असेल. मी हसले. हसले म्हणजे काय, दात दाखवले.

रेट्रो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत, पण थोडक्यात सांगते. आमच्या धंद्यात काम पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत करतात. त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. सुरुवातीला ठरवायचं की या पंधरवड्यात काय काय करायचं, आणि एकदा ठरलं की मध्येच नवीन काही घुसवायचं नाही. पंधरवडा संपला की सगळ्यांनी गोल बसायचं — काय बरं झालं, काय फसलं, पुढच्या खेपेला काय बदलू? ती बैठक म्हणजे रेट्रो. तिचा पहिला नियम, कुणाकडे बोट दाखवायचं नाही. मी ती बैठक चालवणारी, आमच्या भाषेत कोच. मी टीमला शिस्त लावायची, मोकळं बोलतं करायचं, भांडणं होऊ द्यायची नाहीत. पुण्यात आठ तास काचेच्या खोलीत हेच करत होते. मग वडील गेले, आई एकटी राहिली, आणि मी चिखलीला परत आले.

चिखलीत हे काम मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण मिळालं. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या जिल्ह्यातल्या कपाशीवाल्यांसाठी फोनवरचा सल्ला सुरू केला होता. रोज सकाळी शेतकऱ्याचा फोन वाजायचा आणि आवाज यायचा — आज खत देऊ नका, पाऊस आहे, आज फवारा, आज थांबा. एसटी स्टँडजवळ, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खालून औषधांचा वास दिवसभर वर येत राहायचा. टीम छोटी. पूनम प्रोग्रॅम लिहायची — हुशार, पण इतकी लाजरी की तिचा आवाज ऐकायला पुढे वाकावं लागे. दोन मुलं फोनवर. पाटणकर सर, आमचे साहेब, पुण्याहून पडद्यावर. मी. आणि रफिकभाई.

रफिकभाई सुलतानपूरचे. घरची शेती, त्यात कपाशी. त्यांचं काम दोन प्रकारचं. गावोगाव फिरून वावरं बघायची, आणि सकाळचा सल्ला स्वतःच्या आवाजात बोलायचा. “राम राम, सलाम, रफिक बोलून राह्यलो,” अशी त्यांची सुरुवात. वरवट बकालपासून लोणारपर्यंत लोक त्यांना चेहऱ्यानं ओळखत नव्हते, आवाजानं ओळखत. बसमध्ये त्यांनी तिकीट मागितलं की मागच्या सीटवरचा माणूस म्हणायचा, अरे, तुम्ही ते सकाळचे का?

माणूस साधाभोळा वगैरे अजिबात नव्हता, तसं समजू नका. भयंकर बोलका, हेकट, आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही अशी शपथ घेतलेला. शिवाय घाईचा. एकदा तुडतुडे आले म्हणून त्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं, आणि तुडतुडे काही आले नाहीत. एकदा पानं लाल दिसली म्हणून लाल्या रोग पडला म्हणाले, तर ते नुसतं पाणी साचल्यामुळे होतं. मी त्यांच्यावर वैतागायचे. ते माझ्या रेट्रोवर वैतागायचे. मी पुण्याहून खेळ आणले होते — जहाजाचं चित्र काढा, नांगर कशाला म्हणाल, वारा कशाला म्हणाल. रफिकभाई म्हणाले, “ताई, आमी जहाज पाह्यलं नाही. बैलगाडी काढा, चाकात गोटा काऊन अडकला ते मंग सांगतो.” मी बैलगाडी काढली. मग ‘आज तुम्ही कोणती भाजी आहात’ हा खेळ केला, मनःस्थिती समजावी म्हणून. ते म्हणाले, मी वांगं. भाजून राह्यलो. सगळे हसले. पूनमही हसली. हा माणूस माझा खेळ मोडतोय की खेळतोय, हेच मला कळायचं नाही.

त्यांच्या मध्येच बोलण्यावर मी उपाय काढला. पुण्यात आम्ही एक मऊ चेंडू फिरवायचो. ज्याच्या हातात चेंडू तोच बोलणार. मी म्हटलं, आपल्याकडचं काहीतरी घेऊ. दुसऱ्या दिवशी रफिकभाईंनीच त्यांच्या वावरातलं एक फुटलेलं बोंड आणलं. वाळलेलं, चारही पाकळ्या उघडलेल्या, आत कापूस तसाच. त्याची टोकं बोटाला टोचायची. ज्याच्या हातात बोंड तो बोलणार, बाकीचे गप्प. आणि बैठक संपायच्या आधी शेवटची फेरी — बोंड प्रत्येकाच्या हातातून फिरणार, प्रत्येकानं मनात राहिलेलं एक वाक्य बोलायचं. ही फेरी कधीही चुकवायची नाही. हा माझा नियम.

नियम चालला. म्हणजे रफिकभाई सोडून सगळ्यांसाठी चालला. त्यांच्या हातात बोंड नसलं तरी तोंड सुरूच. शेवटी मी त्यांना जिन्यात गाठून सुनावलं, की तुम्ही असं मध्ये मध्ये बोलता म्हणून ती पूनम गप्प बसते, तिला बोलायचं असतं. ते एकदम थांबले. म्हणाले, “त्या पोरीले तरास होते म्हणता? मंग नाही बोलत.” एवढंच. आणि खरंच, त्यानंतर बोंड हातात आल्याशिवाय त्यांनी तोंड उघडलं नाही. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. हीच ती गोष्ट. व्यासपीठावर मी इथे थांबते. इथे टाळ्या पडतात.

आता पुढचं.

त्या वर्षी पोळा होऊन गेला होता, कपाशी फुलावर होती. तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला ते वर्ष आठवेल, नसाल तर एवढं समजा की तोवर सगळ्यांचा एक ठाम विश्वास होता — बीटी बियाणं आहे, बोंडाला अळी लागत नाही. बियाण्याच्या पाकिटावरची टपोरी बोंडं बघून बसलेला विश्वास. रफिकभाई वावरं फिरून ऑफिसला आले ते थेट माझ्या टेबलाशी. बाकी सगळे जेवायला गेले होते. त्यांच्या मुठीत चार-पाच फुलं होती, न उमललेली, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या. त्याला डोमकळी म्हणतात. त्यांनी एक फूल नखानं उकललं. आत बारीकशी अळी. गुलाबी बोंडअळी.

“डोमकळ्या दिसून राह्यल्या, ताई. एका वावरात नाही, जिथं गेलो तिथं. उद्याच सकाळी बोलतो म्या. तोडून जाळा म्हणतो, सापळे लावा म्हणतो.”

संदेश सोडायचा तर माझी परवानगी लागायची. तशी पद्धत मीच लावली होती. आणि स्प्रिंट अर्ध्यावर होता. त्या पंधरवड्याच्या शेवटी देणगीदारांसमोर नव्या प्रणालीचं प्रात्यक्षिक होतं. सकाळचे सगळे संदेश त्या प्रात्यक्षिकासाठी आधीच ठरवून, रेकॉर्ड करून, ओळीनं लावून ठेवले होते. मध्ये एक घुसवायचा म्हणजे ओळ हलणार, पूनमला पुन्हा सगळं तपासावं लागणार, पाटणकर सर विचारणार की कोच असून तुम्हाला साधा स्प्रिंट सांभाळता येत नाही का? आणि हे रफिकभाई. तुडतुड्यांचे रफिकभाई. लाल्याचे रफिकभाई.

मी म्हटलं, पुढच्या स्प्रिंटमध्ये पहिलं काम हेच घेऊ.

ते म्हणाले, “अळीले तुमचा स्प्रिंट समजते काय?”

मी चिडले. अळी मी त्यांच्या हातात पाहिली होती, डोळ्यांनी पाहिली होती, आणि तरी चिडले. म्हटलं, रफिकभाई, दरवेळी तुमचं काहीतरी तातडीचं असतं. ते फुलं टेबलावर ठेवून निघून गेले. मी ती कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. जेवून सगळे परत आले तेव्हा टेबल स्वच्छ होतं.

प्रात्यक्षिक झकास झालं. संदेश त्यानंतर गेला, रफिकभाईंच्याच आवाजात, आणि तोवर अळी बोंडात शिरलेली होती. बोंडात शिरल्यावर तिचं कुणी काही करू शकत नाही. दिवाळीला वेचणी सुरू झाली तेव्हा लोकांच्या हातात किडकं, पिवळं, न उमललेलं काहीतरी यायला लागलं. वेळेवर संदेश गेला असता तर सगळं वाचलं असतं का? नसतं. कदाचित थोडं वाचलं असतं. हा हिशेब मी बरेचदा केलाय आणि तो दरवेळी माझ्या सोयीनं सुटतो, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलंय.

पण माझा गुन्हा तो नाही. म्हणजे तोही आहे, पण ती चूक होती. चुका सगळे करतात असं म्हणून तुम्ही मला सोडून द्याल. थांबा. इतक्यात सोडू नका.

वेचणीच्या दिवसांत सुलतानपूरचे शालिकराम काका ऑफिसात आले. रफिकभाईंच्या बांधाला बांध असलेले. पायऱ्या चढून दम लागला होता, पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाले, “त्याची पऱ्हाटी बरी हाये. आमची गेली. सकाळी सकाळी आमाले ग्यान सांगते अन् अळीचं तेवढं पोटात ठेवलं. सोताचं वाचवलं त्यानं.”

खरं काय होतं ते ऐका. रफिकभाईंनी स्वतःच्या पऱ्हाटीतल्या, म्हणजे कपाशीतल्या, डोमकळ्या तोडल्या, सापळे लावले, फवारलं. आणि गावात जो भेटेल त्याला सांगितलंही. पण लोक म्हणाले, संदेश तर आला नाही. आम्हीच लोकांना दोन वर्षं घोकून घोकून शिकवलं होतं, की ऐकीव गोष्टीवर फवारू नका, फुकट औषध उडवू नका, आमचा संदेश येईल तेव्हाच फवारा. तो संदेश रफिकच्या आवाजात यायचा. आता रफिक पारावर उभा राहून सांगतोय आणि फोनवरचा रफिक काहीच बोलत नाही, तर माणसानं कोणत्या रफिकवर विश्वास ठेवावा? लोकांनी फोनवरच्यावर ठेवला. आणि नंतर जेव्हा दोघांचा मेळ बसेना, तेव्हा एकच अर्थ निघाला. यानं मुद्दाम दाबलं.

तक्रार पुण्याला पोचली. पाटणकर सर म्हणाले, खास रेट्रो घ्या, शांतपणे, कुणाकडे बोट न दाखवता, काय झालं ते समजून घेऊ. मी तयारी केली. मी! पुठ्ठ्यावर बैलगाडी रंगवली. चाकात अडकलेला गोटा रंगवला. खरंच सांगते, तो गोटा रंगवताना मला हसू आलं होतं की रडू, ते आठवत नाही. पण करड्या रंगाच्या दोन छटा वापरल्या होत्या हे आठवतंय.

रफिकभाई निश्चिंत होते. हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येत होता. त्यांना वाटत होतं, ताईला माहीत आहे. ताई सांगेल. गावात लोक बोलेनासे झाले होते, मशिदीच्या दारात माणसं बाजूला सरकत होती, आणि हा माणूस माझ्या ऑफिसात येऊन खुर्च्या गोल मांडायला मदत करत होता.

बैठक सुरू झाली. बोंड फिरलं. पूनम बोलली, फोनवरची मुलं बोलली. रफिकभाईंच्या हातात आलं तेव्हा त्यांनी गावात काय चाललंय तेवढंच सांगितलं. डोमकळ्या ऑफिसात आणल्या होत्या हे ते बोलले नाहीत. का नाही? मला वाटतं, ते मला संधी देत होते. माझ्या टीमसमोर, माझ्या साहेबासमोर माझं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं. बोट दाखवायचं नाही हा नियम त्यांनी पाळला. त्यांच्याकडून बोंड माझ्याकडे आलं. आणि पडद्यावरून पाटणकर सरांनी सरळ मला विचारलं — क्षेत्रातून ही माहिती वेळेत आली होती का? तुमच्यापर्यंत?

बोंड माझ्या हातात होतं. सगळे गप्प, कारण नियमच तो. मी म्हटलं, “नाही सर. म्हणजे, माझ्या तरी आठवणीत नाही.”

रफिकभाईंनी हात पुढे केला. उघडा तळहात, माझ्याकडे. बोंड मागायला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. वर्षभर ज्या माणसाला मी गप्प राहायला शिकवत होते, तो त्या क्षणी गप्प राहून आपल्या पाळीची वाट बघत होता. पूनमनं त्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटची फेरी बाकी होती. कधीही न चुकवायची फेरी.

मी घड्याळ बघितलं. वेळ संपली नव्हती. मी म्हटलं, वेळ संपली, आज शेवटची फेरी घेत नाही. आणि बोंड पर्समध्ये टाकलं.

तो हात थोडा वेळ तसाच राहिला. मग रफिकभाईंनी तो मांडीवर ठेवला. बैठकीचा निष्कर्ष मीच लिहून पाठवला, ‘क्षेत्रातून माहिती येण्याची पद्धत सुधारावी’. कुणाचंही नाव नाही, अगदी नियमाप्रमाणे. महिन्याभरात त्यांचं काम काढून घेतलं आणि सकाळच्या संदेशाला पुण्याच्या एका बाईंचा गोड आवाज लागला. गावात जे थोडे लोक अजून त्यांच्या बाजूनं होते, त्यांचीही खात्री पटली. कामावरून काढलं म्हणजे काहीतरी असणारच ना?

त्यानंतर एकदा ते मला चिखलीच्या स्टँडवर भेटले. मेहकर गाडीची वाट बघत होते. मला वाटलं आता बोलतील. मी तयारही होते, उत्तरं तयार होती माझ्याकडे. त्यांनी विचारलं, “आईची तब्येत कशी हाये, ताई?” मी म्हटलं, बरी आहे. गाडी आली, ते चढले. आत कंडक्टरला त्यांनी गावाचं नाव सांगितलं, हळू, तोंडावर रुमाल धरून. पूर्वी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायचे. आवाज ओळखू येऊ नये म्हणून ते तसं बोलले, हे मला गाडी सुटल्यावर समजलं.

आणि मी? मी बोंडाची गोष्ट सांगत फिरते. मोकळेपणानं बोलायची जागा कशी तयार करावी, हे लोक मला विचारतात आणि मी सांगते, आणि मी सांगते ते बरोबरही असतं, हा आणखी वैताग. ते बोंड त्याच पर्समध्ये पुष्कळ दिवस होतं. किल्ली शोधताना बोटाला टोचायचं. मग ती पर्स मी कामवाल्या मावशींना देऊन टाकली, आणि देताना आतलं बोंड काढायचं विसरले असं मी स्वतःला सांगितलं. तेही खोटं आहे. विसरले नव्हते.

रफिकभाईंनी मला वेळेत सांगितलं होतं. फूल माझ्यासमोर उकलून दाखवलं होतं. सरांनी विचारलं तेव्हा मला ते आठवत होतं.